डोंगरगाडीतून पडलेली बाई

१९६४ साल. संक्रांतीनंतरचा रविवार. कुरुंदगडला, सासरी, माझं लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू चाललं होतं. दुपारच्या बायकांतली शेवटची बाई वाण घेऊन पायऱ्या उतरली, तसे मुकुंदराव माजघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि फडताळाकडे बघत म्हणाले,

"माई, बागेत जाऊन यायचं का जरा? सगळेच."

मुकुंदराव म्हणजे आमचे हे. पूर्वी मी नाव घेत नसे, आता ऐंशी उलटल्यावर घेते. मी खिडकीपाशी उभी होते, म्हणून ते फडताळाकडे बघत होते. आईसमोर बायकोकडे बघायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

"हिच्या अंगावर हलवा आहे," माई म्हणाल्या. माई म्हणजे सासूबाई. "दिवेलागणीला वरच्या आळीतल्या बायका यायच्यात."

"त्याच्या आत परत येऊ. अण्णा हो म्हणालेत. इंगळ्यांनी पास दिलेत."

अण्णा, म्हणजे सासरे, गावात वकिली करत. बाग चालवणारे इंगळे त्यांचे अशील. तेव्हा अण्णा हो म्हणाले असतील तर पुढे बोलण्यासारखं काही राहत नव्हतं. माईंनी हात पुसले.

"मी गोल साडी नेसून येते पटकन," मी म्हटलं.

"कशाला? आहे ही काय वाईट आहे?"

होती ती काळी चंद्रकळा, नऊवारी. माहेरी कॉलेजात मी गोल साडी नेसत होते. इथं आल्यावर 'सणावारी तरी नऊवारीच' असं ठरलं होतं, आणि कुठलाही दिवस सण आहे की नाही हे माई ठरवत असत. गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या आणि वर शाल, अशी मी टांग्यात चढले.

आता आमच्या बागेत जाण्यामागचं खरं कारण सांगते. मुकुंदराव रेल्वेत होते, इटारसीला. लग्न मे महिन्यात झालं, पंधरा दिवसांनी ते गेले आणि मी कुरुंदगडला राहिले. दिवाळीत त्यांना क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. संक्रांतीला ते रजेवर आले होते, गुरुवारी परत जायचे होते. मी बरोबर जायचं की नाही, हे कुणीच बोलत नव्हतं. अण्णा एकदा जेवताना 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणाले होते आणि माई 'इथं माझ्या हाताखाली कोण?' असं म्हणाल्या होत्या. तेवढ्यावर विषय बंद होता. या वेळी मी राहिले असते तर वर्षभर राहिले असते, आणि वर्षाने पुन्हा 'पुढच्या वर्षी बघू' झालं असतं. शेजारच्या गोडबोल्यांची सून अशी बघता बघता नऊ वर्षं राहिली होती.

दिवसा आम्हा दोघांना बोलता येत नसे. रात्री खोलीत बोलावं तर मधे फळ्यांची भिंत आणि पलीकडे माईंची झोप सावध. तरी आदल्या रात्री मुकुंदराव माझ्या कानाशी म्हणाले होते, "उद्या बागेत विषय काढतो."

"कुणाजवळ?"

"अण्णांजवळ. नाहीतर माईजवळ. बघतो."

"नक्की काढाल ना?"

"आधी आपण दोघं डोंगरगाडीत बसू. तिथं आपलं नीट ठरवू, काय बोलायचं ते. मग काढतो."

विषय काढण्याआधी तो कसा काढायचा हे ठरवण्यासाठी आम्हाला डोंगरगाडीत बसावं लागणार होतं. आमचं घर तसं होतं.

विलासबाग कुरुंदगडच्या शेवटच्या राजेसाहेबांनी काढलेली. ते विलायतेला जाऊन आले, तिथं लाकडी डोंगरावरून धावणारी गाडी बघितली आणि आल्यावर संस्थानातल्या सगळ्या सुतारांना बोलावून तसलीच बांधायला सांगितली. दोन वर्षं सुतार ठोकत होते. गाडी उभी राहिली आणि संस्थान विलीन झालं. मग ती बाग इंगळ्यांनी चालवायला घेतली. पूर्वी ते फिरता सिनेमा चालवायचे. बागेत एक आकाशपाळणा, एक चक्री, आरशांची खोली, भज्यांची गाडी आणि मागे हा लाकडी डोंगर. दुरून बघितलं तर कुणीतरी मोठ्ठं घर बांधायला घेऊन नुसता सांगाडा उभा केलाय असं वाटायचं. गाडीचे डबे लाल रंगाचे, पुढच्या डब्याला वाघाचं तोंड. वाघाचा एक कान पडला होता. खाली तेलाचं इंजिन पुकपुक करायचं, ते साखळी ओढायचं आणि साखळी गाडीला वर न्यायची. खाली ती आपली आपण यायची.

फाटकाशी इंगळे स्वतः उभे होते.

"या वकीलसायेब! आज सगळं घर घिऊन आला? लई बरं वाटलं."

"गाडी सुरक्षित आहे ना?" अण्णांनी विचारलं.

"आजवर एक मानूस पडलं न्हाई."

हे वाक्य अण्णांनी लक्षात ठेवलं. वकील माणूस.

मुकुंदराव दोन पास घेऊन पुढे झाले, मी चार पावलं मागून. डोंगरगाडीच्या जिन्याशी पाटी होती. वर राजमुद्रा, खाली नियम. धोतर मोकळे असल्यास बसू देणार नाही. गोल साडी व ओढणी चाकात जाते, बसू देणार नाही. नऊवारीस हरकत नाही. पुरुषांची फेरी व स्त्रियांची फेरी वेगळी. स्त्रीने एकटीने बसू नये.

माईंनी पाटी सावकाश वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"गोल नेसणार होतीस," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी पाटी दोनदा वाचली. "इंगळे, नवराबायकोला तरी चालतं ना एकत्र?"

"न्हाई जी. राजेसायेबांचा नियम. राणीसायबासुद्धा एगळ्या बसायच्या."

"पण राजेसाहेब आता कुठे आहेत?"

"नियम हाय की."

आता बायकांची फेरी लागली होती. बायका भराभर जोड्या करून बसत होत्या. मुकुंदरावांच्या हातात दोन पास आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मी म्हटलं, "राहू दे, जाऊ आपण."

"राहू दे कसं?" अण्णा भज्यांच्या गाडीकडून ओरडले. त्यांचं मन भज्यांत होतं, पण कान इकडे. "पास आहेत ना? बसू दे तिला."

"एकटीला बसवत नाहीत, अण्णा."

"मग तिच्याबरोबर..." अण्णांनी सभोवती बघितलं. बायकांत बायको एकच होती. "अगं, तू बस."

"मी?" माई म्हणाल्या.

"सून परक्या बाईशेजारी बसवायची का?"

माईंनी विचार केला. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या, पण मला म्हाताऱ्या वाटायच्या. परक्या बाईशेजारी सून बसवणं हे त्यांना डोंगरावरून पडण्यापेक्षा वाईट वाटलं असावं. त्यांनी पदर खोचला, कासोटा चाचपला, चपला काढून मुकुंदरावांच्या हातात दिल्या आणि वाघामागच्या पहिल्याच डब्यात जाऊन बसल्या. देवळात चप्पल काढून जावं तशा.

मी शेजारी बसले. समोर एक लाकडी दांडा होता, तो इंगळ्यांच्या माणसाने खटकन आडवा केला.

"कशाला हे?" माईंनी विचारलं.

"धरायला."

"म्हणजे सुटतं?"

तो माणूस पुढच्या जोडीकडे गेला होता.

साखळीने खडखडत गाडी ओढायला सुरुवात केली. चढण सरळ होती, पाठ मागे टेकत होती. माई ताठ बसल्या होत्या. लाकडाचा आणि वंगणाचा वास येत होता. आम्ही झाडांच्या वर आलो, मग देवळाच्या कळसाच्या बरोबरीला.

"ते काय आहे?" माईंनी हनुवटीने दाखवलं.

"नदी."

"आपली?"

"हो."

"इतकी जाते पुढे?" त्या नदीवर रोज कपडे धुवायला बाई पाठवायच्या, स्वतः कधीतरी पर्वणीला जायच्या. नदी घाटानंतर संपते अशी त्यांची समजूत नसणार, पण बघितली नव्हती. मग त्यांनी गाव शोधलं. मी घर दाखवलं. गच्चीवर आमची सांडग्यांची चादर पांढरी दिसत होती.

"एवढंसं?"

"लांब आहे म्हणून."

"दिवसभर पुरत नाही मला आवरायला," त्या म्हणाल्या. मग खाली बघितलं. "तो टिपका कोण?"

"अण्णा. भजी खातायत."

माईंनी त्या टिपक्याकडे बराच वेळ बघितलं. "एवढेच?" त्या म्हणाल्या.

साखळी थांबली. गाडी माथ्यावर क्षणभर नुसतीच उभी राहिली. पुढे रूळ दिसत नव्हते, नुसतं आकाश होतं.

"पुढं काय आहे गं?"

"उतार," मी म्हटलं, आणि गाडी सुटली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. पोट वर राहिलं आणि आम्ही खाली गेलो. मागच्या बायकांनी देव, आई आणि इंगळे या सगळ्यांची नावं घेतली. माझ्या गळ्यातला हलव्याचा हार उडाला, दोरा तुटला आणि दाणे वाऱ्यावर मागे गेले. शाल मी दातात धरली होती. आणि माझ्या शेजारून एक आवाज आला, तो मी आधी कधी ऐकलेला नव्हता. उंच, बारीक, परकर-पोलक्यातल्या मुलीचा असावा तसा.

"मथूऽ! मथू, धर! घट्ट धर मथू! मथूऽ, सोडू नकोस गं, मेलीस!"

मी वळून बघितलं. माईच होत्या. डोळे मिटलेले, दोन्ही हात दांड्याला. दुसरा चढ आला, दुसरा उतार आला. "मथू, अगं बाई, मथूऽ!" तिसऱ्या उताराला माझ्या बांगड्यांचा हलवाही गेला. तिथं त्या ओरडल्या नाहीत. हसल्या. माईंचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे बघितले.

गाडी खाली येऊन थांबली. माईंनी डोळे उघडले, पदर बाहेर काढून डोक्यावरून घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उतर."

"माई, मथू कोण?"

"उतर म्हटलं ना."

खाली गोंधळ उडाला होता. अण्णा एका हातात भज्यांचा कागद धरून डोंगराच्या लाकडांकडे बोट दाखवत होते.

"बाई पडली! इंगळे, इंजिन बंद करा! बाई पडलीय!"

"कुठली बाई?"

"मथू नावाची. मी माझ्या कानांनी ऐकलं. दुसरी बाई तिला सांगत होती, धर, सोडू नकोस. तिनं सोडलं."

"आवो, पन सगळ्या उतरल्या की."

"मग हे काय आहे?" अण्णांनी तळहात पुढे केला. त्यांच्या हातावर हलव्याचे दाणे होते. काही त्यांच्या टोपीवरही होते, पण ते त्यांना माहीत नव्हतं. "वरून पडले. हलवा कुणाच्या अंगावर असतो? नव्या सुनेच्या. म्हणजे मथू ही कुणाची तरी नवी सून आहे, तिचं पहिलं हळदीकुंकू झालंय, आणि ती तिथं कुठंतरी पडलीय."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर काळी चंद्रकळा नेसून उभी होते. गळ्यात दोरा होता, हलवा नव्हता. पण सासऱ्याने सुनेकडे बघायचं नाही ही पद्धत अण्णा कसोशीने पाळत. आठ महिन्यांत त्यांनी मला पायांच्या वर बघितलं असेल असं वाटत नाही. ते माईंना म्हणाले, "तिला विचार, तिनं कुणाला पडताना बघितलं का?"

"नाही म्हणते," माई म्हणाल्या. मला त्यांनी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं तेव्हा माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं आणि मूठ आवळलेली होती. मी तोंड मिटलं.

इंगळ्यांनी इंजिन बंद केलं. सिनेमावाला माणूस, कर्णा त्यांच्याकडे होताच. तो त्यांनी काढला. "मथूबाई! मथूबाई, जिथं असाल तिथनं हापिसापाशी या. तुमच्या घरची लोकं काळजी करत्यात."

घरची लोकं कुणी पुढे आली नाहीत. त्यामुळे अण्णांना जास्तच काळजी वाटली. "सासरचे दबून आहेत," ते म्हणाले. "मुकुंद, तू खालून बघ."

मुकुंदराव माईंच्या चपला हातात घेऊन लाकडांच्या सांगाड्यात शिरले. पाळणेवाला, चक्रीवाला, भजीवाला, फिरायला आलेले आणखी दहा-बारा पुरुष, सगळे आत शिरले. डोंगराच्या पोटातून आवाज येऊ लागले.

"मथूबाई!"

"ओ मथूताई! घाबरू नका!"

"मथूऽ! अगं मथूऽ! कुठं हाईस?"

"मथूबाई, आवाज द्या!" हे मुकुंदराव. त्यांची विजार एका खिळ्याला फाटली, ते आम्हाला लांबूनही ऐकू आलं.

माई फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. मला शेजारी बसवलं. मनगट अजून मुठीतच. उन्हं उतरत होती, मागे आकाशपाळणा थांबला होता, आणि सगळ्या बागेत माणसं मथूला हाका मारत होती. जवळून, लांबून, जाड आवाजात, बारीक आवाजात. माई एकेका हाकेकडे तोंड वळवून ऐकत होत्या. कीर्तनातही मी त्यांना इतक्या मन लावून ऐकताना बघितलं नाही.

बराच वेळ गेला. मला राहवेना. "माई, सांगू या का? उगाच सगळे..."

"मारू देत हाका," माई म्हणाल्या. "त्यांचं काय जातंय?"

शेवटी सांगाड्यातून एक फाटकी छत्री, एक कुणाचा तरी जुना बूट आणि मुकुंदराव बाहेर आले. अण्णांनी छत्री तपासली. ते पोलिसांकडे जायचं बोलायला लागले, तेव्हा इंगळ्यांचा चेहरा काळवंडला. माई उठल्या.

"सापडली ती," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"उतरली आणि गेली. मी बघितली."

"तू ओळखतेस तिला?"

"माझ्या माहेरची आहे."

"मग मघाशी नाही बोललीस ते?"

"तुम्ही मला कुठं विचारलंत? हिला विचार म्हणालात."

अण्णांनी छत्री खाली ठेवली. मग इंगळ्यांना म्हणाले, "तरी ते दांडे बदलून घ्या." इंगळ्यांनी हात जोडले.

परतताना पुढे टांगेवाल्याशेजारी अण्णा आणि मुकुंदराव, मागे तोंड करून माई आणि मी. अण्णा आणि माई पाठीला पाठ लावून बसले होते. मुकुंदरावांनी फाटकी विजार झाकायला माझी शाल घेतली होती. विषय अर्थातच निघाला नव्हता. मी मागे पळणारा रस्ता बघत होते आणि पेरूचं झाड मनातून काढून टाकत होते.

नाक्यापाशी अण्णा पाठमोरेच म्हणाले, "ही मथू कुणाची म्हणालीस?"

"काशिनाथपंत साठ्यांची."

"साठ्यांची? कुठली?"

"धाकटी."

"अस्सं," अण्णा म्हणाले.

काशिनाथपंत साठे म्हणजे माईंचे वडील. त्यांना मुली दोनच. थोरली सोलापूरला दिलेली, माझ्या लग्नात येऊन गेली होती. धाकटी टांग्यात माझ्या शेजारी बसली होती.

माईंचं नाव घरात सत्यभामा. लग्नात अण्णांचं नाव श्रीकृष्ण म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीने सत्यभामा लिहिलं आणि ते तेव्हापासून. अण्णा 'अगं' म्हणत, बाकीचे माई म्हणत, त्यामुळे तेही नाव कुणाला फारसं लागलं नाही. मुकुंदला जुळणारं म्हणून माझंही मुक्ता झालं होतं. माहेरी मी शकुंतला, शकू. पहिले दोन महिने मला कुणी 'मुक्ता' म्हटलं की मी मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून. माई तेव्हा रागवायच्या. "आपल्याला हाक मारली की ओ द्यावी," म्हणायच्या.

देवळाच्या वळणावर अण्णांनी टोपी काढली. टोपीवरचे हलव्याचे दाणे आता त्यांना दिसले. त्यांनी ते एकेक वेचून हातात घेतले, पण रस्त्यावर टाकले नाहीत. घर येईपर्यंत काही बोललेही नाहीत. त्यांच्या आयुष्यातला बहुधा तेवढाच रस्ता ते न बोलता आले असतील.

दिवेलागणीला वरच्या आळीतल्या बायका आल्या. माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "हलव्याचे दागिने कुठायत सुनेचे?"

"वाटून झाले," माई म्हणाल्या.

जेवायला अण्णा आणि मुकुंदराव बसले. मी चुलीशी पोळ्या भाजत होते. माई वाढत होत्या. आमटी वाढता वाढता, मीठ लागेल का असं विचारावं त्या आवाजात त्या म्हणाल्या, "मुकुंद, गुरुवारी हिला घेऊन जा बरोबर."

तव्यावरची माझी पोळी करपली. मुकुंदरावांचा घास हातात राहिला. अण्णांनी मान वर केली.

"म्हणजे? कुणाला विचारून ठरवलंस हे?"

"मथूला," माई म्हणाल्या.

अण्णांनी ताटाकडे बघितलं. बोटाने भातात एक आळं केलं, ते परत मोडलं.

"भात वाढ," ते म्हणाले.

माईंनी भात वाढला. विषय संपला.

गुरुवारी स्टेशनवर तिघंही... म्हणजे अण्णा, माई आणि इंगळे आले होते. इंगळ्यांनी आपणहून भज्यांचा पुडा आणला होता. पोलिसांत न गेल्याबद्दल असावा. गाडी हलायच्या बेतात आली तशी माईंनी खिडकीतून गुळाच्या पोळ्यांचा डबा वर दिला. डबा जड होता, माझ्या हातातून सटकायला लागला. माई खालून ओरडल्या. तोच तो उंच, बारीक आवाज.

"शकू, घट्ट धर! सोडू नकोस!"

मी धरला. मुकुंदराव डब्यात इकडेतिकडे बघायला लागले, ही शकू कोण म्हणून. इटारसी येईपर्यंत मी त्यांना ते सांगितलं आणि त्यांनी पाठ केलं. रेल्वेच्या माणसाला पाठांतराची सवय असते. मथूचं मात्र मी सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नव्हतं.

डोंगरगाडी पुढे सात-आठ वर्षं चालली, मग लाकडाला वाळवी लागली म्हणून पाडली. चांगल्या फळ्या गावातल्या शाळेने बाकांसाठी नेल्या. वाघाचं तोंड इंगळ्यांनी घरी नेऊन दारावर लावलं. ते अखेरपर्यंत सांगत, आपल्या गाडीतनं एक मानूस पडलं न्हाई. गावातले लोक मात्र मथूचं नाव काढत, म्हणून शेवटी शेवटी ते 'एक बाई सोडल्यास' असं म्हणायला लागले.

मी इटारसीहून भुसावळ आणि भुसावळहून नागपूर असा संसार केला. दोन मुलं झाली. दोघांच्याही लग्नात ताटात तांदूळ पसरायची वेळ आली, तेव्हा मी ते तांदूळ आधीच शिजवून टाकले होते. सुना माहेरच्याच नावाने राहिल्या. एकीने नंतर आपलं आपण बदललं. तिची मर्जी.

मुकुंदराव मथूमावशीचे उपकार कधी विसरले नाहीत. त्यांची समजूत अशी की माईंच्या माहेरची ही कुणी समंजस बाई, जिने त्या दिवशी परस्पर माईंची समजूत घातली. दर दिवाळीला ते म्हणत, "मथूमावशीला एखादं लुगडं पाठवायला हवं, पत्ता काढ ना." मी ते लुगडं घेऊन माईंना पाठवत असे. माई ठेवून घेत.

अण्णा १९७९ साली नागपूरला वारले, आमच्याकडे असताना. हॉस्पिटलात आठवडाभर होते. माई, मुकुंदराव आणि मी बाहेर बाकावर बसून असायचो, एकावेळी एकालाच आत सोडत. माई रोज जात, समोर बसत, अण्णा 'अगं, पाणी' म्हणत, त्या देत. शेवटच्या दिवशी सकाळी नर्स बाहेर आली आणि बाकांवरून नजर फिरवत म्हणाली,

"मथू कोण आहे तुमच्यात? पेशंट केव्हाचे हाका मारतायत."

मुकुंदराव दचकून उठले. "अहो, त्या इथं कुठून असणार? त्या तर..."

"आले," माई म्हणाल्या.

त्यांनी हातातला चहाचा थर्मास बाकावर ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि दाराशी चपला काढून आत गेल्या. दार लागलं. मुकुंदराव दाराकडे बघत उभेच. चाळिशी उलटलेला माणूस, मोठा हुद्दा, हाताखाली माणसं.

"अगं शकू," ते म्हणाले, "पण मग ती पडलेली बाई?"

मी थर्मास उचलून त्यांच्या हातात दिला.

"घट्ट धरा," मी म्हटलं.